आधी जागा मोजा, मग कोंबडा शोधा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आठ महिन्यांपूर्वी एका मोठ्या हॅचरीतून ‘ऱ्होड आयलंड रेड’ म्हणून एक दिवसाची पिल्लं आणली. त्यांतला एक कोंबडा आणि सहा तलंगा (वर्षाच्या आतल्या माद्या) आज हाताशी आहेत. जातीचं मानक (त्या जातीचा पक्षी कसा असावा याचं अधिकृत वर्णन) वाचायला घेतलं आणि मन खट्टू झालं. कोंबड्याचं वजन मानकात ३.८५ किलो, याचं २.९. तलंगा सरासरी २.१ किलोच्या. रंग गडद लाल हवा, तो विटकरी. कोंबड्याच्या तुऱ्याला बाजूने एक बारीक फुटवा आहे आणि दोन तलंगांचे पिवळे पाय पांढुरके पडत चाललेत. आता बेत असा आहे की प्रदर्शनात बक्षीस मिळवलेला एखादा कोंबडा आणून या सहाजणींत सोडावा. सोबत ससेक्स आणि वायंडॉट या जातींचीही एकेक जोडी ठेवावी. सगळे पक्षी एकाच घराण्यातून घ्यायची भीती वाटते, रक्त जवळ आलं की पिल्लं दुबळी निघतात म्हणे. पत्राची शेवटची ओळ अशी: ‘छाटणी म्हणजे कापाकापी, ती मला जमेलसं वाटत नाही. तर मग कोंबडा कुठला घेऊ?’

उत्तर:

पत्रात तुम्ही आपल्याच पक्ष्यांवर थोडा अन्याय केलाय, आधी तो दूर करू.

३.८५ किलो हे वजन अमेरिकन मानकात वर्ष उलटलेल्या कोंबड्याचं आहे. वर्षाच्या आतल्या नराचं वेगळं दिलेलं असतं, ३.४ किलो. माद्यांचंही तसंच: पुरती कोंबडी २.९५ किलो, तलंग २.५ किलो. तुमचे पक्षी आठ महिन्यांचे, त्यामुळे नराची तूट जवळजवळ एक किलोची नसून अर्ध्या किलोची आहे. ती आहेच, पण तिच्यावरून हाय खाऊ नका. मानक हातात आलं की वजनाच्या चार रकान्यांतला कुठला आपला, हे पहिल्यांदा पाहायचं. नवखी माणसं हमखास इथे चुकतात.

पांढुरके पाय तर दोष नाहीतच. पिवळ्या पायांच्या जातीत तो रंग खाद्यातून येतो आणि कोंबडी अंड्यावर आली की रंगद्रव्य बलकाकडे वळतं. आधी गुदद्वाराभोवतीची कातडी फिकी पडते, मग डोळ्याभोवतीचं कडं, मग चोच आणि सगळ्यात शेवटी पायाच्या नळ्या. अंडी थांबली की त्याच क्रमाने रंग परत येतो. ज्या दोघींवर तुम्ही नाराज आहात, त्याच बहुधा सगळ्यात नेटाने अंडी देताहेत. पिसांचा रंगही उन्हाने उडतो, म्हणून लाल पक्ष्याचा रंग पीसगळ होऊन नवी पिसं आल्यावर जोखायचा, त्याआधी नाही.

तुऱ्याचा फुटवा मात्र खरा दोष आहे. एकेरी तुऱ्याला पाचाऐवजी सहा दाते असतील तर गुण कापले जातात, पण बाजूने फुटवा असेल तर पक्षी थेट बाद होतो. वाकडी शेपटी, पंखाच्या पिसांत पडलेली फट, पायावर पिसं नसलेल्या जातीत तिथे उगवलेलं बारीकसं पीस, ही त्याच पंगतीतली मंडळी. मानक वाचताना ‘उणीव’ आणि ‘बाद’ यांच्या वेगवेगळ्या याद्या वहीत उतरवून घ्या. उणिवा असलेला पक्षी पैदाशीत चालतो, कधी कधी चालवावाच लागतो. बाद दोषाचा पक्षी, त्यातही नर, कितीही देखणा असला तरी वापरू नका. म्हणजे तुमचा हा कोंबडा पैदाशीतून गेला.

मग बक्षीसवाला कोंबडा आणून सहाजणींचं सोनं होईल का? तुमचा प्रश्न धरून चालतो की कोंबडीत कमी असेल ते चांगला कोंबडा भरून काढेल. पण ऱ्होड आयलंड रेड हे एकच नाव आज दोन वेगळ्या पक्ष्यांना लागतं. एक हॅचऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अंड्यांसाठी निवडलेला, हलका, लवकर अंड्यावर येणारा. दुसरा प्रदर्शनवाल्यांनी जपलेला, लांबट, विटेसारख्या चौकोनी अंगाचा, पाठ आडवी सपाट असलेला. पहिल्या संकरात मधलीच पिल्लं निघतात आणि माणूस खूश होतो. दुसऱ्या पिढीत सगळं विखुरतं, एकाच रवणीतून (एकदम उबवलेल्या अंड्यांतून) पाच तऱ्हेची पिल्लं बाहेर पडतात. दर पिढीला चांगल्या घराण्याचाच नर लावत गेलात तर हिस्सा निम्मा, पाऊण, सात-अष्टमांश, पंधरा-षोडशांश असा वाढतो. चार पिढ्या म्हणजे चार वर्षं. एवढ्या वर्षांत तितक्याच खाद्यावर आणि तितक्याच जागेत चांगल्या घराण्याचा थवा उभा राहिला असता. खाण तशी माती, आणि निम्मी खाण माद्यांची असते.

शिवाय बक्षीस सांगतं की पक्षी दिसतो कसा. तो देतो काय, हे सांगत नाही. पट्टेरी प्लिमथ रॉक या जातीचं उदाहरण बोलकं आहे. पट्ट्यांचा गुण लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. नराला त्याच्या दोन मात्रा मिळतात, मादीला एकच, म्हणून नर उपजतच उजळ. प्रदर्शनात मात्र दोघंही एकाच छटेचे हवेत असा आग्रह. त्यापायी जुने लोक नरांसाठी एक आणि माद्यांसाठी दुसरं अशी दोन वेगळी घराणी पाळत. नरांच्या घराण्यातला विजेता कोंबडा आणून त्याच्या लेकींकडून आशा ठेवणाऱ्याच्या पदरी नुसत्या काळपट माद्या पडत. लाल कोंबड्यात इतकी गुंतागुंत नाही, पण कोंबडा घेताना त्याची आई, बहिणी आणि लेकी बघायच्या, हा नियम इथेही तोच.

आता तुमच्या प्रश्नाचा क्रम बदलू. ‘कुठला कोंबडा’ याच्या आधी ‘वर्षाला किती पिल्लं वाढवू शकतो, आणि त्यांतले नर कुठे जाणार’ हे विचारा. बाकी सगळं त्यावर ठरतं.

हिशेब मांडून पाहा. ६० अंडी उबवायला ठेवली. ५० फलित धरा, त्यांतून ४० पिल्लं. दोन-तीन सुरुवातीलाच जातात, उरलेल्यांत निम्मे नर, म्हणजे १८-१९. त्यांतले पुढच्या वर्षी हवेत फक्त दोन-तीन. माद्यांतल्या सहा-सात. आणि ही निवड आठवड्याभरात होत नाही. जुन्या जाती सावकाश वाढतात. जुन्या जाती जपणाऱ्या अमेरिकेतल्या लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी या संस्थेच्या व्याख्येत ‘हेरिटेज’ कोंबडीची ही एक अटच आहे: खाण्यायोग्य वजन १६ आठवड्यांच्या आत येता कामा नये. जोडीला नैसर्गिक समागम, आणि मादीचं ५ ते ७ तर नराचं ३ ते ५ वर्षांचं उत्पादक आयुष्य. तेव्हा अठरा नर चार-पाच महिने तुमच्याकडे जेवणार, आरवणार आणि भांडणार. तीन-चार महिन्यांचे झाले की त्यांना तलंगांपासून वेगळं काढावंच लागतं, नाहीतर तलंगांच्या पाठीची पिसं उरत नाहीत.

जागा मोजा. पैदाशीचा एक कप्पा, वाढत्या नरांचा एक, वाढत्या माद्यांचा एक, राखीव कोंबड्याचा एक, आणि नवा किंवा आजारी पक्षी ठेवायला सगळ्यांपासून दूर असा एक. पाच झाले, आणि हे एका जातीचे. मोठ्या पक्ष्याला आत साधारण ०.४ चौरस मीटर आणि बाहेर एक चौरस मीटर तरी हवं. तीन जाती म्हणजे पंधरा कप्पे, नाहीतर प्रत्येक जातीची पंधरा-पंधरा पिल्लं, आणि पंधरांतून निवड होत नाही, जे वाचेल ते ठेवावं लागतं. त्यातून प्रत्येक जातीचं आपलं कोडं असतं. वायंडॉटचा ‘रोझ’ म्हणजे चपटा, पसरट तुरा हा प्रभावी गुण, त्याच्याआड एकेरी तुरा पिढ्यान्‌पिढ्या लपतो आणि मग एका रवणीत अचानक उगवतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ते असं. वर ज्या नरात रोझ तुऱ्याच्या दोन्ही मात्रा असतात त्याची फलनक्षमता कमी, म्हणून जाणती माणसं तो एकेरी तुरा घराण्यातून पुरता घालवतही नाहीत. एका जातीचं एक कोडं पाच वर्षं पुरतं. ससेक्स आणि वायंडॉट तूर्त राहू द्या.

छाटणीबद्दल तुम्ही लिहिलंय ते मनाला लावून घेण्यासारखंच आहे, त्याला भावुकपणा म्हणणार नाही. पण छाटणीचा अर्थ ‘हा पक्षी पैदाशीत नाही’ एवढाच. त्यापुढे तो खाण्याला जावा, अंड्यांसाठी कुणाकडे जावा की तुमच्याकडेच म्हातारा व्हावा, हा दुसरा निर्णय. माद्यांना घरं मिळतात. नरांना सहसा मिळत नाहीत, हे अंडी उबवणीच्या यंत्रात ठेवण्यापूर्वीच मान्य करायला हवं. कापणं तुम्हाला जमत नसेल तर ते काम करणारा आणि मांस घेणारा माणूस आधी ठरवून ठेवा. अपंग, तडफडणाऱ्या पिल्लाची सुटका मात्र तुम्हाला स्वतःला, लगेच करता आली पाहिजे, ती रीत पशुवैद्याकडून नीट शिकून घ्या. आणि यातलं काहीच नको असेल, तर दुसऱ्याच्या चांगल्या घराण्यातल्या चार कोंबड्या आणून त्या नुसत्या पाळणं हाही सरळ मार्ग आहे. पैदास केलीच पाहिजे असं कुठे आहे?

करायचं ठरलं, तर सुरुवात एका नर-दोन माद्यांच्या त्रिकुटाने करा, तेही एकाच माणसाकडच्या, एकाच घराण्यातल्या. तो ती जात किती वर्षं बाहेरचं रक्त न आणता पाळतोय, आणि त्याच्या घराण्यात कुठले दोष अजून डोकं वर काढतात, हे विचारा. ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर तो पिल्लं नीट बघत नाही किंवा खरं सांगत नाही. त्रिकूट मिळालं नाही तर २५ पिल्लं घ्या. उबवणीची अंडी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवा पर्याय. प्रवासात अंड्यातली हवेची पोकळी हलते आणि निम्मी अंडी वाया गेली तरी नवल नसतं. आणलीच तर निमुळतं टोक खाली करून २४ तास स्थिर ठेवा, मग यंत्रात घाला. पक्षी आणले तर ३० दिवस वेगळे, आणि पुलोरम व मायकोप्लाझ्माची रक्ततपासणी. हे दोन्ही रोग अंड्यातून पिल्लात उतरतात, म्हणून पैदास करणाऱ्याला त्यांचा धोका इतरांपेक्षा मोठा.

पक्षी निवडताना डोळ्यांआधी हात वापरा. तळवा खांद्यांवर ठेवून शेपटीकडे न्या. खांद्याची रुंदी शेपटीच्या बुडापर्यंत टिकते का, की पाचरीसारखी निमुळती होते? छातीचं हाड लांब आणि सरळ आहे का? पाय एकमेकांपासून दूर रोवलेत की गुडघे जवळ येतात? अंड्यावरच्या मादीच्या ओटीच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं सहज बसावीत, आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत तीन-चार बोटं. कवटी रुंद असावी. हे सगळं जमलं की मग रंग. सांगाडा आधी आणि रंग नंतर, कारण रंग दोन-तीन पिढ्यांत ताळ्यावर येतो, पण रंगाच्या नादात घालवलेली पाठीची रुंदी परत आणायला वर्षं लागतात. लाल जातीत तर हा मोह फारच. वरून गर्द दिसणाऱ्यालाच दर वर्षी निवडत गेलं की पिसाच्या मुळाशी काजळी उतरते. म्हणून पाठीची पिसं फुंकर मारून बाजूला करा आणि बुडाची लवही लाल आहे ना ते पाहा.

जोड लावताना दोघांत एकच दोष नको, एवढं कुणीही सांगेल. कमी लोक हे सांगतात की उलट दोषांनीही काम होत नाही. फार लांब पाठ आणि फार आखूड पाठ यांची जोड लावून मधली पाठ मिळत नाही. पहिल्या खेपेला मिळाल्यासारखी वाटते, नातवंडांत दोन्ही टोकं परत येतात. दोषासमोर बरोबर अंगाचा पक्षी हवा.

आता जवळच्या रक्ताची भीती. माणसांचे गोत्राचे नियम खुराड्यात तसेच्या तसे लावता येत नाहीत. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं यांच्या पिल्लांत आंतरप्रजननाचा अंक (आई-बाप दोघांकडून एकाच पूर्वजाचा तोच गुण मिळण्याची शक्यता) २५ टक्के, सावत्र भावंडांच्या पिल्लांत १२.५ टक्के. एका जोडीने घराणं बुडत नाही. बुडतं ते वर्षानुवर्षं भावंडांचीच जोड लावत गेल्याने आणि दुबळी पिल्लं दयेपोटी पैदाशीत ठेवल्याने. दुसऱ्या वर्षी सगळ्यात चांगल्या तलंगा बापाकडे द्या आणि सगळ्यात चांगला तरुण नर त्याच्या आईकडे. तिथून दोन कुटुंबं सुरू होतात. पुढे तिसरं काढता आलं तर माद्या आपापल्या कुटुंबात ठेवायच्या आणि नर दर वर्षी पुढच्या कुटुंबात सरकवायचे, पहिल्याचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा पहिल्यात. याने बाहेरचा पक्षी न आणता बरीच वर्षं निघतात. फलित अंड्यांचं प्रमाण किंवा पिल्लांची तरतरी सलग दोन हंगाम घसरली की मगच बाहेर बघा. तेव्हाही कोंबडा नको, मादी आणा, शक्यतो त्याच मूळ घराण्याची, आणि तिची पिल्लं वर्षभर बाजूला वाढवून पाहा. कोंबडा एका हंगामात सगळा थवा बदलून टाकतो, मादी फार तर एक कप्पा बिघडवते.

वहीशिवाय यातलं काही होत नाही. कुठलं पिल्लू कुणाचं हे आठवणीवर सोडलं तर तिसऱ्या महिन्यात सगळी लाल पिल्लं सारखीच. अंड्यावर पेन्सिलने मादीचा क्रमांक आणि तारीख लिहा, शेवटच्या तीन दिवसांत प्रत्येक मादीची अंडी जाळीच्या वेगळ्या पेटीत ठेवा. पिल्लू सुकलं की पायाच्या बोटांमधल्या पडद्यात छिद्र पाडा. दोन पायांचे चार पडदे, म्हणजे १६ खुणा होतात. चार-पाच दिवसांनी छिद्रं बुजली नाहीत ना बघा. वजन ८, १२, १६ आठवड्यांना आणि सहा महिन्यांना, त्याच तराजूवर, सकाळी खाण्यापूर्वी. नर बदलला तर नव्या नराची म्हणून अंडी धरण्याआधी तीन-चार आठवडे थांबा, कारण मादीच्या अंगात आधीच्या नराचं बीज दोन आठवडे आणि कधी त्याहून जास्त टिकतं.

उबवणीचं थोडक्यात: अंडी सात दिवसांच्या आतली, १३ ते १८ अंशांत ठेवलेली, न धुतलेली. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश आणि ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. १८व्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७०. २१व्या दिवसाची वाट पाहताना झाकण उघडू नका. पैदाशीच्या पक्ष्यांचं खाद्य मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पिल्लं कवचात मेली की लोक यंत्राला शिव्या देतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या साध्या खाद्यात खायच्या अंड्यापुरती जीवनसत्त्वं असतात, पिल्लू घडवण्याइतकी नसतात. रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) कमी पडलं तर भ्रूण कवचातच मरतो आणि जगलेल्या पिल्लांची बोटं आत वळतात. अंडी गोळा करायच्या तीन-चार आठवडे आधी पैदाशीचं खाद्य सुरू करा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, म्हणजे लागेल तेवढा मादी खाईल आणि नराच्या पोटात उगाच चुना जाणार नाही. वाढत्या पिल्लांना अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य कधीच नको, इतकं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

छाटणी टप्प्याटप्प्याने करा, घाईने नाही. पहिल्या दिवशी वाकडी चोच, चुकीचा तुरा, जास्तीची बोटं. ८ आठवड्यांना मागे पडलेली. १६ आठवड्यांना सांगाडा हाताने. रंगासाठी एकही पक्षी सहा महिन्यांच्या आत काढू नका, कोवळ्या पिसांवर भरवसा नसतो. आणि पहिल्या वर्षीच्या नरांतला दुसऱ्या क्रमांकाचा वर्षभर राखून ठेवा. पहिला आजारी पडतो तो नेमका हंगामाच्या तोंडावर.

राहिल्या तुमच्या सहा तलंगा. त्यांना अजिबात काढू नका. त्यांची डझनभर अंडी याच महिन्यात यंत्रात घाला, सातव्या आणि चौदाव्या दिवशी उजेडावर धरून तपासा, पडद्यावर छिद्रं पाडा, वजनं लिहा. फुटव्याचा कोंबडा यापुरता चालेल, या पिल्लांपुढे वंश वाढवायचा नाहीच. किती पिल्लांना फुटवा आला तेही वहीत येईल, आणि पाच कप्प्यांपैकी नेमका कुठला कमी पडतो ते चौथ्या महिन्यात आपोआप कळेल. त्रिकुटासाठी शब्द टाका तो त्यानंतर.